पन्नास हजारांत चार देश

ते रील तुम्हीही पाहिलं असणार. वरून ड्रोन फिरतोय, खाली काचेसारखं पाणी, लाकडी बोटीच्या टोकावर पाठमोरी बसलेली मुलगी, आणि अक्षरं उमटतात: ‘४ देश, ११ बेटं, १२ दिवस, फक्त ५० हजार’. ‘प्लॅन’ असं लिहून पाठवा, पीडीएफ मिळेल. मी पाठवलं. पीडीएफ आली. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स. ती घेऊन आम्ही चौघं बोईसर स्टेशनबाहेरच्या एका चहाच्या टपरीवर सलग चार सुट्ट्या बसलो. आता मी छातीठोकपणे सांगू शकते की ही थाप आहे.

गंमत म्हणजे तिच्यात सरळसरळ खोटा आकडा फारसा नाही. डॉर्ममधला पलंग त्या भावात मिळतो. नूडल्सची प्लेट मिळते. सेल लागला तर विमानाचं तिकीटही कधीतरी कुणाला मिळत असेल. थाप आहे ती ‘तुम्हीही जाऊ शकता’ यातल्या ‘तुम्ही’मध्ये. हे तुम्ही म्हणजे कोण? पीडीएफ तिसऱ्यांदा वाचली तेव्हा मला तो माणूस दिसायला लागला. त्याची रजा संपत नाही. त्याचा प्रवास बँकॉकपासून सुरू होतो. त्याचा पासपोर्ट बघून कुणी भुवई उचलत नाही. आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या शिफ्टला त्याला पंच मारायचा नसतो.

आता आम्ही कोण ते सांगते. मी आणि माझी मैत्रीण तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये. माझा मावसभाऊ दुसऱ्या एका कंपनीत कंत्राटी इलेक्ट्रिशियन. चौथा त्याचा दोस्त, पॅकिंगमध्ये हेल्पर, वाणगावच्या पुढच्या एका पाड्यावरून रोज येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तिच्यात तारापूर ९३.६९ गुण मिळवून पहिलं आलं होतं. बोर्डाच्या परीक्षेत नाही आलो कधी पहिले, इथे आलो. तर निळं पाणी बघायची हौस आम्हाला का आहे हे कृपा करून विचारू नका.

बजेट पैशात मोजायचं, ही त्या पीडीएफची पहिली चलाखी. आमच्याकडे आधी दिवस संपतात, मग पैसे. आम्ही सगळे ज्या हिशेबावर वाढलो तो कारखाने अधिनियम, १९४८ मधला: वर्षात २४० दिवस भरले, तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा. वर्षभर इमानेइतबारे गेलात तर पंधराच्या आसपास. त्यातून गणपती, होळी, घरातली दोन लग्नं आणि एक व्हायरल ताप वजा करा. बारा दिवसांची सलग रजा मागायला मी मॅनेजरसमोर उभी राहिले तर तो आधी माझं लग्न ठरलंय का असं विचारेल.

ही झाली माझी गोष्ट, मी परमनंट आहे. मावसभाऊ कंत्राटी. कागदावर कायदा त्यालाही लागू आहे, पण तो आला नाही की त्याचा त्या दिवसाचा रोज जातो, एवढंच त्याला माहीत. सहाशे गुणिले बारा, सात हजार दोनशे. म्हणजे पन्नास हजारांतला सातवा हिस्सा त्यानं बॅग भरायच्या आधीच खर्च केला. हा आकडा कुठल्या पीडीएफमध्ये आहे? आणि बारा दिवसांनी कंत्राटदार त्याला परत घेईल का, हा रकाना तर एक्सेलमध्ये बनवताच येत नाही.

बरं, मिळाले समजा बारा दिवस. आम्ही ते कागदावर खरोखर भरून बघितले. विमान पहाटेचं, कारण स्वस्त विमानं पहाटेचीच. पहाटेच्या विमानाला वेळेत पोचवणारी लोकल आमच्या डहाणू लाइनवर नाही. २०१३ मध्ये लोकल इकडे आली याचंच आम्हाला अजून अप्रूप आहे. म्हणजे आदल्या संध्याकाळी निघा, दोन तासांनी अंधेरी, आणि रात्रभर विमानतळावर बॅगेवर डोकं ठेवून बसा. नंतर प्रत्येक देश बदलायचा म्हणजे एक अख्खा दिवस: सकाळी दहाला खोली सोडा, व्हॅन, तीन तास आधी विमानतळ, विमान, इमिग्रेशनची रांग, नवं सिम, नवं चलन, परत व्हॅन. चार देश म्हणजे अशा तीन सीमा. मुंबईहून जाणं आणि येणं धरून पाच दिवस गेले. उरले सात.

आणि बेटं विमानतळाला चिकटलेली नसतात. थायलंडच्या लिपे बेटावर जायचं तर हात याई विमानतळावर उतरून पाकबारा धक्क्यापर्यंत दोनेक तास व्हॅन, मग स्पीडबोट. फिलिपिन्समध्ये एल निदो हवं तर पुएर्तो प्रिन्सेसाला उतरा आणि पाच-सहा तास व्हॅनमध्ये आदळत जा. गिली हवं तर बालीच्या विमानतळावरून पदांग बाईचा धक्का गाठा, तिथून फास्ट बोट. जेवढं जायचं तेवढंच परत यायचं. आम्ही टपरीवर हिशेब केला तेव्हा बारा दिवसांत प्रत्यक्ष पाण्यात पाय बुडवून बसायला जेमतेम साडेतीन दिवस निघाले. बाकीचे साडेआठ दिवस व्हॅन, बाकडं आणि रांग. तेवढंच हवं असेल तर बोईसर–चर्चगेट पास काढा, स्वस्त पडेल.

मग ऋतू. या बाबतीत मला आमचीच लाज वाटली. आम्ही किनाऱ्यावरची माणसं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय सातपाटीला होडी लोटत नाहीत, हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक. समुद्र बारा महिने उघडा नसतो हे ज्ञान आमच्या रक्तात असायला हवं होतं. तरी आम्ही दिवाळीच्या सुट्टीत चार देश एका रांगेत मांडून बसलो. फुकेत, क्राबी, लिपे, लंगकावी या अंदमान समुद्राकडच्या बाजूला साधारण मे ते ऑक्टोबर पावसाळा. थायलंडच्याच दुसऱ्या बाजूला, सामुई आणि ताओकडे, मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरची पेरहेंतियान बेटं नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळपास बंदच. फिलिपिन्सला जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वादळांचा हंगाम. बालीचे कोरडे महिने एप्रिल ते ऑक्टोबर. आता यातला असा एक पंधरवडा काढून दाखवा ज्यात चारही ठिकाणी ऊन आहे आणि बोटी सुरळीत चालतात. कसाबसा निघालाच, तर त्या पंधरवड्याला विमानाचं तिकीट पन्नास हजारांत बसत नाही.

रीलवाल्याला याची फिकीर नाही, कारण बोट रद्द झाली तर तो दोन दिवस थांबतो आणि ‘अडकलो!’ नावाचा आणखी एक व्हिडिओ करतो. आमची बोट रद्द झाली तर पुढचं विमान सुटतं. स्वस्त विमानांची तिकिटं वेगवेगळी काढलेली असतात, पहिलं चुकलं म्हणून दुसरी कंपनी एक पैसा परत देत नाही. तीन सीमांच्या साखळीत एक कडी तुटली की पुढच्या सगळ्या तुटतात. म्हणून ज्याला पैसे वाचवायचे आहेत त्यानं कड्या कमी ठेवायच्या असतात. पीडीएफ नेमकं उलटं शिकवते.

कागदपत्रांबद्दल थोडं. व्हिसाची परिस्थिती आपल्यासाठी सुधारली आहे, हे मान्य. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने, १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने आणि ८ जून २०२५ पासून फिलिपिन्सने चौदा दिवसांसाठी भारतीयांना व्हिसा माफ केला. इंडोनेशिया विमानतळावर व्हिसा देतं, पाच लाख रुपिया, शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांताचा दीड लाख रुपियांचा वेगळा कर. आपल्या पैशात दोन्ही मिळून सव्वातीन-साडेतीन हजार. पण ‘व्हिसा फ्री’ म्हणजे ‘प्रश्न फ्री’ नव्हे. परतीचं तिकीट दाखवा, हॉटेलचं बुकिंग दाखवा, खर्चायला पैसे आहेत ते दाखवा, असं काउंटरवरचा अधिकारी म्हणू शकतो, आणि निळ्या पासपोर्टला तो जरा जास्त वेळा म्हणतो. चार देश म्हणजे हे चार वेळा. ज्यांच्या फॉर्मवर पगाराच्या स्लिपा लागतात त्यांचं निभतं. कंत्राटदार स्लिपच देत नाही त्यानं काय दाखवायचं?

आणि पासपोर्टमध्येही आपल्याच सरकारनं दोन जाती केल्या आहेत. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येतो. अर्थ असा की अठरा देशांत नोकरीला जाताना त्याला सरकारची वेगळी परवानगी लागते. मजुरांची फसवणूक होऊ नये म्हणून केलेला नियम आहे, हेतू चांगलाच आहे. त्या अठरांत आखाती देशांबरोबर थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाही आहेत. फिरायला जाणाऱ्याला नियम लागू नाही, पण हा खरंच फिरायला चाललाय की दुसरंच काही, ही शंका आपल्याच विमानतळावर आधी येते. आमचा पॅकिंगवाला दोस्त आठवीत शाळा सोडलेला. पीडीएफमधल्या चारपैकी तीन देशांसाठी तो पर्यटक ठरायच्या आधी संशयित मजूर ठरतो.

पैशांचं लवकर उरकते, कारण त्यात नवीन काही नाही. पन्नास हजारांत मुंबई–बँकॉक विमान धरलेलंच नाही, हे अकराव्या पानावर बारीक अक्षरात आहे. बॅगेचं वजन केबिनमधलं सात किलो धरलंय. एटीएममधून दर वेळी पैसे काढताना थायलंडमध्ये दोनशेच्या वर बात नुसती फी जाते, वर आपल्या बँकेचं परकीय चलनाचं मार्कअप. खोलीचं भाडं चौघांत भागलंय. आणि प्रत्येक पानावर एक सल्ला आहे: बोटवाल्याशी घासाघीस करा, अर्ध्यापासून सुरुवात करा. या सल्ल्यावर आमच्या मावसभावाचं डोकं फिरलं. त्याचा मामा मुरब्याला मच्छीमार. बोटीला डिझेल किती लागतं, इंजिन बसलं तर किती महिने घरी बसावं लागतं, हे त्यानं लहानपणापासून पाहिलंय. ‘दुसऱ्या देशात जाऊन मामाचेच पैसे कापायचे का?’ असं तो म्हणाला, आणि त्यानंतर आम्ही पीडीएफ पुन्हा उघडली नाही.

इथपर्यंत वाचून एक वर्ग खूश झाला असेल: ‘म्हणूनच म्हणतो, आधी आपलं कोकण बघा.’ थांबा काका. तुमच्याशीही भांडायचंय.

अर्नाळ्याचा किल्ला आम्ही बघितलाय. १७३७ साली मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला हे शाळेच्या सहलीत पाठ करून झालंय. बेट आहे, होडीनं जावं लागतं, मस्त आहे. चिंचणी, नांदगाव, केळवे, डहाणू हे आमचे रविवार आहेत. पण जे आपलं आहे ते बघितलं म्हणून दुसऱ्याचं बघायची इच्छा जात नाही. तुमच्या मुलानं कॅनडाची फी भरली तेव्हा त्याला कुणी ‘आधी पालघरचं कॉलेज बघ’ असं सांगितलं नव्हतं. दूर जायची हौस पैसेवाल्यानं केली की ती ‘एक्स्पोजर’, हेल्परनं केली की उधळपट्टी. आणि देशभक्ती म्हणाल तर जानेवारी २०२४ मध्ये सगळ्यांनी मालदीवची तिकिटं रद्द करून लक्षद्वीपला जायचं ठरवलं होतं. लक्षद्वीपला जायला भारतीय माणसालाही परमिट लागतं, हे त्या आठवड्यात कितींना कळलं? आमच्या ऑफिसातल्या ज्यांनी स्टेटस ठेवला होता त्यातलं एकही जण आजतागायत तिकडे गेलेलं नाही.

शिवाय ‘आपला किनारा बघा’ म्हणणारे काका आणि ‘बंदर आलं की जमिनीला भाव येईल’ म्हणणारे काका बहुतेक वेळा एकच असतात. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ३० ऑगस्टला पालघरला भूमिपूजन झालं. ७६ हजार २२० कोटींचा प्रकल्प, आणि समुद्रात १,४४८ हेक्टरांचा भराव. म्हणजे आमच्या समोर एक नवी जमीनच उगवणार आहे, तिच्यावर कंटेनर असतील. जो किनारा आधी बघायला तुम्ही सांगताय तो किती वर्षं बघता येईल, हे पण एकदा सांगून टाका.

तर मुद्दा घरी बसण्याचा नाही. जायचंच आहे. माझं म्हणणं एवढंच की बेटं स्वस्त आहेत, देश महाग आहेत. इंडोनेशियात सतरा हजारांवर बेटं आहेत, फिलिपिन्समध्ये ७,६४१. एकाच लंगकावीच्या आसपास ९९ मोजतात. एका देशात उतरून लोकांच्या नेहमीच्या फेरीनं या बेटावरून त्या बेटावर गेलात तर खर्च खरोखर खाली येतो. वाढतो तो सीमा ओलांडताना, आणि सीमा आपण ओलांडतो त्या बायोमध्ये चार झेंडे लावण्यासाठी. ते झेंडे विकणारा माणूस तुमच्याच झेंड्यांवर पोट भरतोय.

आम्हालाही एक झेंडा हवाच होता, खोटं कशाला बोला. म्हणून आम्ही आठ दिवसांचा नवा आराखडा केला: मुंबई, क्वालालंपूर, लंगकावी, आणि तिथून बोटीनं लिपे. मलेशियाचं बेट ते थायलंडचं बेट, दीडेक तास. मधे विमानतळ नाही, शहर नाही. ही फेरी पावसाळ्यात बंद असते आणि साधारण नोव्हेंबर ते मे चालते, म्हणून आम्ही फेब्रुवारी धरला. बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होडीतून वाळूवर उतरवतात, आणि तिथेच किनाऱ्यावर इमिग्रेशनचं ऑफिस आहे. ओल्या पायांनी पासपोर्टवर शिक्का घ्यायचा. याहून भारी काय असू शकतं?

नुसता भाव बघायचा सोडून त्या दीड तासाबद्दल वाचायला लागले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. ही सीमा फार जुनी नाही. १० मार्च १९०९ रोजी बँकॉकमध्ये ब्रिटिश आणि सयाम यांनी तह केला. एके काळी केदाहच्या सुलतानाच्या मुलखात मोडणारा सातून सयामकडे राहिला आणि लंगकावीसह केदाह ब्रिटिशांकडे गेला. त्या पाण्यात उरक लावोय नावाचे समुद्रावर जगणारे लोक इकडून तिकडे फिरायचे. सयामच्या अधिकाऱ्यांनी त्यांना लिपेवर वस्ती करायला लावली: माणसं आपली म्हणजे बेट आपलं. आज त्याच लोकांची वस्ती रिसॉर्टांच्या मधे अंग चोरून उभी आहे आणि जमिनीचे खटले चालू आहेत. ज्यांना बसवून देशाची हद्द ठरवली त्यांच्याकडेच सात-बारा नाही. पीडीएफमध्ये ‘अर्ध्यापासून सुरुवात करा’ म्हटलंय ते यांच्या होडीच्या भाड्याबद्दल.

हे मी टपरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं. पॅकिंगवाला दोस्त एरवी प्लॅनिंगमध्ये फार बोलायचा नाही, त्या दिवशी बोलला. त्याचा काका खलाशी होता. डहाणू-तलासरी भागातले कितीतरी जण दिवाळीनंतर गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, पोरबंदर, ओखा, वेरावळ. तिकडची समुद्रातली हद्द पाण्यावर आखलेली नाही. बोट पलीकडे गेली म्हणून पाकिस्ताननं पकडली, काका दोन वर्षं कराचीच्या तुरुंगात होता. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, त्यात मच्छीमारांची वेगळी यादी असते. त्याच्या घरात या दोन तारखा सणासारख्या पाळल्या गेल्या, फक्त गोडधोड नव्हतं. काका परत आला. बोट आली नाही.

‘आयेला सांगितलं मी,’ तो म्हणाला. ‘विमानानं जा म्हणाली. बोटीत बसून दुसऱ्या देशात नको.’

आम्ही तिघांनी त्याला समजावायचा प्रयत्न केला. ही टुरिस्ट बोट आहे, तिकीट आहे, शिक्का मारून मगच सोडतात, कुणी पकडत नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी रीलवाल्यासारखंच बोलतेय: काही होत नाही रे, तूही जाऊ शकतोस. मग गप्प बसले. विमानानं लिपेला जाता येत नाही. लंगकावीलाच थांबायचं, तिथली बेटं बघायची आणि परत फिरायचं, असा तिसरा आराखडा मावसभावानं वहीत लिहायला घेतला. मैत्रीण नाराज झाली, तिला शिक्का हवाच आहे. अजून ठरलेलं नाही. पासपोर्टचा फॉर्म मात्र त्या दोस्तानं भरलाय, पंधराशे रुपये भरून, शिक्षणाच्या रकान्यात आठवी.

निघताना त्यानं माझा मोबाइल मागून घेतला आणि लिपेच्या किनाऱ्याचा तो फोटो उघडला: वाळू, झाडाखाली टेबल, बॅगा घेऊन बसलेली गोरी माणसं, मागे रंगीत फिती बांधलेल्या होड्या. दोन बोटांनी तो मोठा करत गेला. माणसं बाजूला गेली, टेबल गेलं, एका होडीचं नाळेकडचं लाकूड तेवढं स्क्रीनभर राहिलं. आपल्याकडच्या बोटींवर आयएनडी-एमएच, आयएनडी-जीजे असं ठळक रंगवलेलं असतं.

‘नंबर कुठाय?’ त्यानं विचारलं.